करदर, आयात शुल्क, विनिमय दर: बातमीचा शेअरवरचा परिणाम कसा मोजावा

कंपनी करात कपात झाली, आयात शुल्क वाढले किंवा चलन घसरले, की शेअरचा भाव लगेच हलतो. तो योग्य तेवढाच हलला की नाही हे ठरवायला कंपनीचा ताजा वार्षिक अहवाल आणि साधी आकडेमोड पुरते. आधी एवढे पक्के करा की घाव नफातोटा पत्रकात कुठे बसतो. शुल्क खर्चात शिरते, चलन विक्री, खर्च आणि कर्ज या तिन्हीत, तर कर उरलेल्या नफ्यातून जातो. म्हणून ५ टक्के कर वाढला तर कंपनी सोसते, आणि कच्चा माल ५ टक्क्यांनी महागला तर कमी मार्जिनच्या (विक्रीच्या तुलनेत थोडा नफा उरणाऱ्या) कंपनीचा नफा पार धुऊन निघू शकतो.

कर: कायद्यातला दर बाजूला ठेवा

करखर्चाला करपूर्व नफ्याने भागले की प्रभावी करदर मिळतो. तो तीन ते पाच वर्षांचा काढा, कारण एखाद्या वर्षी जुना परतावा किंवा जुन्या वादाची नोंद आकडा बिघडवते. कंपनी खरोखर ३० टक्के भरत असेल आणि दर २५ वर आला, तर १०० च्या करपूर्व नफ्यातून ७० ऐवजी ७५ उरतात. म्हणजे करोत्तर नफा ५ नव्हे, ७.१ टक्क्यांनी वाढतो. सवलतींमुळे तिचा प्रभावी दर आधीच २४ असेल तर मात्र हा हिशेब लागू होत नाही. भारताने सप्टेंबर २०१९ मध्ये मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. अधिभार आणि उपकर धरून तो २५.१७ होतो. पण तो स्वीकारणाऱ्या कंपनीला बहुतेक सवलती आणि साठलेले मॅट क्रेडिट (किमान पर्यायी करापोटी आधी भरलेल्या जादा रकमेची पुढच्या करातून मिळणारी वजावट) सोडावे लागणार होते. ज्यांच्याकडे असे क्रेडिट भरपूर होते, त्यांना जुनी पद्धतच काही काळ परवडणारी होती.

डिफर्ड टॅक्सची (पुढच्या वर्षांत वाचणाऱ्या किंवा भरायच्या कराची) अहवालातली टीप न वाचता कपातीचा हिशेब करू नये. अमेरिकेने २०१७ च्या अखेरीस दर ३५ वरून २१ टक्क्यांवर आणला. समजा, एखाद्या कंपनीच्या मागच्या वर्षांतून पुढे ओढलेल्या १,००० च्या तोट्यामुळे भविष्यात ३५० चा कर वाचणार होता. नव्या दराने २१० च वाचतो, आणि १४० एकदम खर्ची पडतात. सिटीग्रुपने त्या तिमाहीत सुमारे २२ अब्ज डॉलरचा भार दाखवला, त्याचा मोठा भाग याच कारणाचा होता. बर्कशायर हॅथवेने मात्र पुढे भरायच्या कराची मोठी तरतूद धरली होती. ती आकसल्याने तिच्या निव्वळ मालमत्तेत सुमारे २९ अब्ज डॉलरची भर पडली. अशा नोंदींचा त्या वर्षीच्या रोख प्रवाहाशी संबंध नसतो. पी/ई (शेअरचा भाव भागिले प्रति शेअर नफा) काढताना त्या वगळाच.

वाचलेला कर भागधारकांकडे राहील असेही धरू नका. नियंत्रित दराने वीज विकणाऱ्या कंपनीला तो बहुधा ग्राहकांना परत द्यावा लागतो, आणि तीव्र स्पर्धेच्या धंद्यात तो दोन-तीन वर्षांत किमतींत विरघळतो. दुसरीकडे, ज्या जागतिक समूहाची वार्षिक उलाढाल ७५ कोटी युरो किंवा जास्त आहे आणि ज्याचा एखाद्या देशातला प्रभावी दर १५ टक्क्यांखाली आहे, त्याच्यासाठी जागतिक किमान कराची (१५ टक्क्यांपर्यंतची तूट भरून घेणाऱ्या कराची) टीप शोधा.

आयात शुल्क: इथेच सर्वाधिक चुका होतात

शुल्क विक्रीच्या किमतीवर लागत नाही. ते सीमेवर जाहीर केलेल्या आयातमूल्यावर लागते, आणि ते भरतो आयातदार. म्हणून २५ टक्के शुल्क म्हणजे वस्तू २५ टक्क्यांनी महाग, हे गणित पहिल्याच पायरीवर चुकते. आयात माल किती, तो कोणत्या देशातून येतो आणि कोणत्या वर्गात मोडतो, हे पाहा. वर्गासाठी एचएस कोड बघायचा. त्याचे पहिले सहा अंक जगभर सारखे असतात, पुढचे अंक प्रत्येक देश आपले लावतो.

आता हिशेब. विक्री १००, आयात माल ४०, इतर बदलता खर्च २८, स्थिर खर्च २०, नफा १२. आयातीवर २५ टक्के शुल्क म्हणजे १० चा बोजा. कंपनीने तो सगळा सोसला तर नफा २ वर येतो, घट ८३ टक्के. निम्मा ग्राहकावर टाकून किंमत १०५ केली आणि विक्री तेवढीच राहिली तर नफा ७. पण नगांची विक्री १० टक्क्यांनी घटली, तर स्थिर खर्चाआधी उरणारे २७ (१०५ वजा ५० वजा २८) गुणिले ०.९ म्हणजे २४.३, त्यातून स्थिर खर्च २० वजा, नफा फक्त ४.३. सगळा बोजा टाकून किंमत ११० केली आणि विक्री २५ टक्क्यांनी घसरली तर ४. हे चारही आकडे लिहून ठेवा. यांपैकी कोणता खरा ठरेल हे कंपनीच्या हातातल्या किंमतशक्तीवर अवलंबून आहे. ती ओळखायची तर मागच्या वेळी कच्चा माल महागला तेव्हा ग्रॉस मार्जिन (विक्रीतून मालखर्च वजा जाता उरणारे प्रमाण) टिकले होते का, ते पाहावे. व्यवस्थापनाच्या आश्वासनापेक्षा हा पुरावा भक्कम.

परिणाम उशिरा दिसतो, आणि इथे घाई करणारे फसतात. मालसाठा भागिले विकलेल्या मालाचा वार्षिक खर्च, गुणिले ३६५, हे साठ्याचे दिवस. ते ९० असतील तर पहिली तिमाही जुन्या, बिनशुल्काच्या मालावर निघते. वर किमती आधीच वाढवलेल्या असतील तर मार्जिन उलट सुधारलेले दिसते. खरा फटका पुढच्या तिमाहीत बसतो.

संरक्षण मिळालेल्या उद्योगाचा शेअर घेण्याआधी साखळीची दुसरी बाजूही तपासा. २०१८ मध्ये अमेरिकेने पोलादावर २५ आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के शुल्क लावले. पोलाद उत्पादकांना आडोसा मिळाला, पण तेच पोलाद विकत घेणाऱ्यांचा खर्च वाढला. युरोपीय संघाने प्रत्युत्तरात अमेरिकी मोटारसायकलींवरचे शुल्क ६ वरून ३१ टक्के केले, आणि हार्ले-डेव्हिडसनने एका गाडीमागे सरासरी सुमारे २,२०० डॉलरचा बोजा सांगितला.

चलन: दोन वेगळे हिशेब

पहिला हिशेब कंपनीचा. तीन ओळींची नोंद करा: परकीय चलनातली विक्री, खर्च आणि कर्ज. समजा विक्री १,००० पैकी ६०० परकीय, खर्च ८८० पैकी ३०० परकीय, आणि नफा १२०. निव्वळ ३०० परकीय चलनावर टांगलेले आहेत. ते चलन १० टक्क्यांनी घसरले तर नफा ९०, म्हणजे २५ टक्के घट. निर्यात ६० टक्के आहे म्हणून नफा ६ टक्क्यांनी घटेल, असा ढोबळ अंदाज इथे साफ चुकतो. ते १० टक्क्यांनी वधारले तर व्यवसायातून ३० जास्त मिळतील. पण त्या चलनात ४०० चे कर्ज असेल तर त्याच्या पुनर्मूल्यांकनात ४० जातील. त्या वर्षीचा नफा घटलेला दिसेल, धंदा मात्र सुधारलेला असेल. फॉरवर्ड करारांची (पुढच्या तारखेचा विनिमय दर आजच ठरवणाऱ्या करारांची) टीपही वाचा: किती रक्कम, कोणत्या दराने, किती महिने. करार संपेपर्यंत बदललेला दर नफ्यात पूर्णपणे उतरत नाही.

दुसरा हिशेब तुमचा. परदेशी शेअर १० टक्के वाढला आणि ते चलन तुमच्या चलनासमोर ८ टक्के घसरले, तर १.१० गुणिले ०.९२ म्हणजे १.०१२, हाती १.२ टक्के. टक्के बेरीज-वजाबाकीत मांडू नका: ३० वाढ आणि ३० घसरण मिळून शून्य होत नाही, ९ टक्के तोटा होतो. जून २०१६ च्या ब्रेक्झिट मतदानानंतर लंडनचा शेअर निर्देशांक एफटीएसई १०० काही दिवसांतच आधीच्या पातळीवर परतला, कारण त्यातल्या कंपन्यांची बहुतांश कमाई ब्रिटनबाहेरची आणि पौंड पडलेला. डॉलरमध्ये मोजणाऱ्याचे नुकसान मात्र भरून निघाले नव्हते. फंड कोणत्या चलनात खरेदी-विक्रीला आहे याने फरक पडत नाही. आतल्या कंपन्या कुठे कमावतात त्याने पडतो.

हेज केलेला (चलनाच्या चढउतारापासून संरक्षण घेतलेला) फंड घेताना त्या संरक्षणाची किंमत दोन देशांच्या अल्पमुदतीच्या व्याजदरांतल्या फरकाएवढी धरा. परकीय व्याजदर ५ आणि तुमच्याकडचा २ असेल तर वर्षाला जवळपास ३ टक्के जातात; उलट असेल तर तेवढे मिळतात. आणि स्थिर ठेवलेल्या दराला सुरक्षित समजू नका. स्विस मध्यवर्ती बँकेने १५ जानेवारी २०१५ ला एका युरोला १.२० फ्रँकची मर्यादा अचानक सोडली. फ्रँक उसळला आणि तिथला शेअर निर्देशांक एका दिवसात सुमारे ९ टक्के पडला.

एकत्र मांडताना

शुल्क आणि चलन एकमेकांना खातात. ज्या देशाच्या मालावर १० टक्के शुल्क लागले, त्याचे चलन ९ टक्के घसरले तर आयातदाराचा खर्च जवळपास जैसे थे राहतो. म्हणून दोन्ही परिणाम वेगवेगळे काढून बेरीज करू नका. आधी नव्या विनिमय दराने आयातमूल्य काढा, त्यावर शुल्क, मग नफा, आणि शेवटी प्रभावी दराने कर. चांगली, मधली आणि वाईट अशा तीन परिस्थितींचे करोत्तर नफे लिहा आणि सध्याचा भाव कोणत्या आकड्याशी जुळतो ते बघा. दोन तिमाहींनंतर ग्रॉस मार्जिन तुमच्या अंदाजाशी ताडून पाहा. तफावत दिसली तर बहुधा ग्राहकावर किती बोजा टाकता येईल हाच अंदाज चुकलेला असतो. तो दुरुस्त करून हिशेब पुन्हा मांडा.