मशेरी सोडायची तर आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा

किसननगरात माझं पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे कणीक मळायच्या आधी मशेरी, दुपारी डबे गेले की मशेरी, रात्री ओटा पुसला की मशेरी. २१ वर्षं. आमच्या ह्यांनी तंबाखू-चुना एका गणपतीत सोडला. मी तीनदा सोडली आणि तिन्ही वेळा तंबाखू भाजायचा तवा पुन्हा गॅसवर चढला. "तुला जिद्दच नाही," हेही ऐकून घेतलं. चौथ्यांदा टिकली, तिला आता दोन वर्षं झाली.

मागच्या तीन महिन्यांच्या पाळीच्या तारखा कॅलेंडरवर खुणा करा. डबीकडे हात कधी जास्त गेला, तेही लिहा. माझ्या तिन्ही खेपा पाळीच्या आधीच्या आठवड्यात बुडाल्या होत्या. तंबाखूतलं निकोटीन मेंदूत डोपामाइन नावाचं रसायन सोडतं, म्हणून बरं वाटतं. इस्ट्रोजेन हे बायकांच्या पाळीचं हार्मोन त्या डोपामाइनचा जोर वाढवतं, आणि ते स्वतः महिनाभर वर-खाली होत असतं. शिवाय इस्ट्रोजेनमुळेच बाईचं यकृत निकोटीन पुरुषापेक्षा लवकर संपवतं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आणखी लवकर. मग यात जिद्दीचा काय संबंध?

सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. पाळीआधीची चिडचिड आणि तलफेची चिडचिड एकत्र आली की माझा तरी निभाव लागत नाही, म्हणून मी पाळी संपल्यानंतरचा सोमवार धरला. मशेरीचा तवा भंगारवाल्याला दिला. माळ्यावर लपवू नका, रात्री अकराला बरोबर सापडतो.

निकोटीनचा २ मिलिग्रॅमचा च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतो. पोटुशी असाल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. तो बडीशेपेसारखा चावत बसायचा नसतो. मी बसले, उचक्या लागल्या. तिखट लागेपर्यंत हळूहळू चावायचा, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, झणझण गेली की पुन्हा. असं अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं चहा नको, नाहीतर निकोटीन तोंडात नीट शोषलंच जात नाही.

"मशेरीशिवाय पोट साफ होत नाही," हे बायकांचं बोलणं खोटं नाही. निकोटीन आतड्यांना ढकलतं. रात्री इसबगोल, सकाळी कोमट पाणी. मला बारा दिवस लागले.

घरात वाजलं की तलफ उसळते. तेव्हा १८००-११-२३५६ लावा, तंबाखू सोडणाऱ्यांसाठीचा सरकारी नंबर आहे, पैसे पडत नाहीत. मी जिन्यात बसून लावायचे.

परवा शेजारची सून विचारायला आली. तिला आधी तारीख विचारली, मग डबी कुठे ठेवतेस ते.