तालुका कोर्टात नवीन आहात? मग आधी शब्द फोडून बघा

एलएलबी सगळं इंग्लिशमधून झालं, प्लेंट, रिटन स्टेटमेंट, इंजंक्शन, आणि ज्युनियर म्हणून तालुका कोर्टात गेले तर समोर दावा, कैफियत, मनाई हुकूम. पहिल्याच महिन्यात एक आजोबा हुकूमनाम्याची (म्हणजे डिक्री, दाव्याच्या निकालाचा कोर्टाचा आदेश) नक्कल पिशवीतून काढून म्हणाले, "मॅडम, दावा जिंकलोय, आता दरखास्त लावायचीय." मला वाटलं दरखास्त म्हणजे अर्ज, फारसीत अर्थ विनंतीच ना, म्हणून साधा अर्ज टाइप करून सरांपुढे ठेवला. सरांनी काही न बोलता दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर 21 उघडून दिली. आपल्याकडच्या दिवाणी कोर्टात दरखास्त म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी! पैशाच्या किंवा ताब्याच्या हुकूमनाम्याला त्यासाठी 12 वर्षांची मुदत असते, त्यामुळे हा शब्द चुकला तर पक्षकाराचंच नुकसान.

तेव्हापासून वहीत प्रत्येक शब्द मुळासकट लिहायला लागले आणि खरं सांगते, कायदा तिथून कळायला लागला. कैफियत घ्या, अरबीत 'कैफ' म्हणजे कसं, म्हणजे प्रतिवादीने नेमकं कसं घडलं ते सांगायचं, नुसतं "मान्य नाही, मान्य नाही" लिहून भागत नाही. (मुदत समन्स बजावल्यापासून 30 दिवस, कोर्टाने वाढवून दिली तर 90.) पुरसीस तर कॉलेजात कुणी शिकवतच नाही. मूळ फारसी, अर्थ विचारपूस, पण आता आपणच सही करून कोर्टाला कळवायची छोटी गोष्ट, उदा. "आमचा पुरावा संपला", ती पुरावा बंद पुरसीस. मला हा शब्द सगळ्यात जास्त आवडतो. पंचनाम्यात पंच संस्कृत आणि नामा फारसी, आणि पंच म्हटलं तरी पाच नसतात, बहुतेकदा दोनच असतात, त्यांच्या सह्या नीट बघा.

फौजदारीत जाणार असाल तर अजून एक काम आहे. 1 जुलै 2024 पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फसवणुकीचं 420 आता 318(4) झालं, खुनाचं 302 आता 103. पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांच्या केसेस जुन्याच कलमांवर चालतायत, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवा, कारण पक्षकार येऊन सांगणार ते "त्याने माझ्याशी चारशेवीसी केली" असंच.