ओसरीच्या कोपऱ्यातली छेदनरेषा

पारोळ्याच्या आमच्या घराला दक्षिण आणि पश्चिम अशा दोन बाजूंनी ओसरी आहे. भाव येईपर्यंत कापूस तिथंच पडून असतो. ओसरीवर पत्रे टाकले तेव्हा वेल्डिंगवाल्याने कोपऱ्यावरचे पत्रे सवयीने ४५ अंशांत कापले. जोड बसेना. मग कसाबसा बसवला, आणि अवकाळी पाऊस नेमका त्याच फटीतून आत आला. मी बारावीच्या पोरांना गणित शिकवतो आणि माझ्याच घरात दोन प्रतलांची, म्हणजे दोन सपाट पृष्ठांची, छेदनरेषा (ती जिथं एकमेकांना भेटतात ती रेषा) चुकली! आता हा धडा मी त्या कोपऱ्याखाली बसूनच घेतो.

मापं सांगतो, सगळी फुटांत. कोपऱ्यातल्या खांबाचा बुंधा आरंभबिंदू. एक्स पूर्वेला, वाय उत्तरेला, झेड वर. दोन्ही पत्र्यांची बाहेरची कड ८ फूट उंचीवर, भिंतीपाशी १० फूट उंचीवर. दक्षिणेची ओसरी ८ फूट रुंद, म्हणजे ४ फुटांना १ फूट चढ. पश्चिमेची ६ फूट, म्हणजे ३ फुटांना १. पत्र्याची उंची झेड म्हणजे ८ अधिक चढ. त्यावरून समीकरणं, पहिलं दक्षिणेच्या पत्र्याचं, दुसरं पश्चिमेच्या:

वाय − ४ झेड = −३२
एक्स − ३ झेड = −२४

रेषेला दोनच गोष्टी लागतात: दिशा आणि एक बिंदू.

आधी दिशा. सहगुणक, म्हणजे अक्षरांपुढचे आकडे, उचलले की प्रतलाचा लंब सदिश मिळतो, म्हणजे प्रतलाशी काटकोनात उभी असलेली दिशा. पहिल्याचा (०, १, −४), दुसऱ्याचा (१, ०, −३). जे अक्षर समीकरणात दिसत नाही त्याच्या जागी शून्य लिहायचं. निम्मी पोरं इथंच घसरतात. छेदनरेषा दोन्ही पत्र्यांवर पडलेली आहे, म्हणून ती दोन्ही लंबांशी काटकोनात असणार. दोघांशी काटकोनात असलेली दिशा देतो तो सदिश गुणाकार, आपला क्रॉस प्रॉडक्ट:

पहिला घटक: १×(−३) − (−४)×० = −३
मधला: (−४)×१ − ०×(−३) = −४
तिसरा: ०×० − १×१ = −१

मधल्याचा क्रम नीट बघा. निश्चयकाने (डिटरमिनंटने) सोडवत असाल तर तिथं चिन्ह बदलायला विसरू नका. सगळ्यांची चिन्हं एकदम उलटली तरी रेषा तीच राहते, म्हणून (३, ४, १) घेऊ.

आता मजा बघा. ही रेषा ३ फूट पूर्वेला आणि ४ फूट उत्तरेला जाते, म्हणजे जमिनीवर मोजली तर ५ फूट, आणि तेवढ्यात १ फूट चढते. गवंडी काटकोन तपासायला दोरीने ३-४-५ लावतो, तेच हे आकडे. इथं ४५ अंश कुठून येणार? दोन्ही उतार सारखे असते तरच आले असते.

मग बिंदू. एका अक्षराला सोयीची किंमत द्यायची आणि उरलेली दोन सोडवायची. झेड = ० घेतलं तर (−२४, −३२, ०). हा बिंदू अंगणाच्याही पार पलीकडे पडतो. पोरं घाबरतात, पण प्रतल काही पत्र्याच्या कडेला थांबत नाही. मी झेड = ८ घेतो: (०, ०, ८), खांबाचा माथा. दोन्ही उत्तरं बरोबर. पहिल्यात दिशेची ८ पट मिळवा, दुसरा बिंदू येतो.

रेषा: (०, ०, ८) + टी (३, ४, १), टी म्हणजे कुठलीही संख्या

टी = २ ठेवा: (६, ८, १०), घराच्या भिंतीचा कोपरा. दोन्ही समीकरणांत घालून पाहा: ८ − ४० = −३२, ६ − ३० = −२४. ही तपासणी परीक्षेतही करा, अर्धा मिनिट लागतो. या जोडाखाली खांबापासून भिंतीपर्यंत पाइप किती लागला? ३६ + ६४ + ४ = १०४ चं वर्गमूळ, साधारण १० फूट अडीच इंच.

एकदा एका पोराने साध्या दोनपाखी शेडचं उदाहरण घेतलं, झेड = ० ठेवलं आणि अडकला. "मास्तर, आते काय करानं?" त्याची दिशा आली होती (०, १, ०). शेडचं आढं आडवं असतं, त्याची उंची ठरलेली. ते जमिनीला कसं टेकणार? दिशेत ज्या घटकाला शून्य आलंय, त्या अक्षराला मनाची किंमत द्यायची नाही. आढ्याच्या बाबतीत वायला ० द्या, सुटतं.

आणि क्रॉस प्रॉडक्ट पूर्ण शून्यच आला, तर प्रतलं समांतर, नाहीतर एकच. स्थिरपदही, म्हणजे बरोबरच्या चिन्हापलीकडचा आकडाही, त्याच पटीत असेल तर एकच.

हे हातानं करून बघा: एक्स + २ वाय − झेड = ४ आणि २ एक्स − वाय + ३ झेड = ३. दिशा (५, −५, −५) येईल, पाचाने भागून (१, −१, −१). झेड = ० ठेवल्यावर बिंदू (२, १, ०). वेगळा बिंदू आला तर लगेच खोडू नका, आधी दोन्ही समीकरणांत घालून बघा.

वेल्डिंगवाल्याला मी नंतर खडूने फरशीवर ३ आणि ४ आखून दिले. त्याने आधी जमिनीवर टेप लावला, मग माझ्याकडे बघितलं, आणि नवा पत्रा कापायला घेतला.