कोविडनंतर रेंगाळणारा थकवा: दिवसाची आखणी कशी करावी

कोविडमधून उठून महिने लोटले तरी थकवा, धाप, धडधड किंवा विसराळूपणा मागे लागला असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह, हृदयाचे आणि फुप्फुसांचे विकार यांतही हीच लक्षणे दिसतात, त्यामुळे ती कारणे तपासल्याशिवाय सगळे खापर कोविडवर फोडू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मधील व्याख्येतही, संसर्गानंतर साधारण ३ महिन्यांनी आढळणारी व किमान २ महिने टिकणारी लक्षणे दुसऱ्या निदानाने उलगडत नसतील तरच ती कोविडनंतरच्या या दीर्घ आजाराची (लाँग कोविडची) मानावीत, असे म्हटले आहे.

त्यानंतर एक वही करून रोजची कामे, झोप आणि लक्षणे तीत वेळेसह लिहावीत.

खरी कसोटी आहे ती आपली मर्यादा ओळखण्याची, आणि मला सर्वाधिक झगडावे लागले तेही इथेच. अनेक रुग्णांमध्ये श्रमाचा फटका लगेच बसत नाही. तो १२ ते ४८ तासांनी बसतो आणि कित्येक दिवस टिकतो. त्यामुळे सोमवारी उत्साहाच्या भरात उपसलेल्या कामाचे दुखणे बुधवारी अंगावर येते आणि माणूस मात्र बुधवारच्या जेवणाला किंवा हवेला दोष देत बसतो. म्हणून प्रत्येक वाईट दिवशी वहीत मागच्या दोन दिवसांची पाने उलटावीत. दोन-तीनदा तेच काम सापडले की मर्यादा कुठे आहे ते कळते. फोनवरचे लांबलेले बोलणे, हिशेब आणि वादावादी हेदेखील श्रमच आहेत, त्यांचीही नोंद हवी.

मर्यादा कळली की तिच्या बऱ्याच अलीकडे थांबावे. दमल्यावर घेतलेली विश्रांती उशिरा घेतलेली असते, म्हणून मी गजर लावूनच काम करतो: कपड्यांच्या घड्या घालताना तो वाजला की हातातला सदरा अर्धवट घडीसह तसाच ठेवून आडवे व्हायचे. आडवे होताना हातात फोन घेणे म्हणजे विश्रांती नव्हे. सर्वांत घातक असतो तो बरा दिवस, कारण त्या दिवशी साचलेली कामे खुणावू लागतात. त्याही दिवशी ठरलेल्यापेक्षा जास्त काही करू नये.

“चाल, म्हणजे ताकद येईल” हा सल्ला देणाऱ्यांशी वाद घालण्यात शक्ती घालवू नये. श्रमानंतर ज्यांची लक्षणे बळावत नाहीत त्यांना बेताने वाढवलेला व्यायाम मानवतो, पण ज्यांची बळावतात त्यांना रेटून केलेला व्यायाम आणखी मागे ढकलतो. क्रॉनिक फटीग सिंड्रोम या दीर्घकाळ टिकणाऱ्या थकव्याच्या आजारातही हाच प्रकार दिसतो आणि उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ मध्ये त्या आजारासाठी ठरावीक टप्प्यांनी वाढवत न्यायच्या व्यायामाची शिफारस मागे घेतली.

आंघोळ, भाजी चिरणे, इस्त्री ही कामे बसून करावीत.

फटक्याशिवाय काही आठवडे गेले तरच एखादे काम किंचित वाढवावे, तेही एका वेळी एकच. दोन वाढवली तर कोणते बाधले ते वही सांगू शकत नाही. छातीत दुखणे, बसल्या जागी धाप लागणे, शुद्ध हरपणे किंवा शरीराची एक बाजू लुळी पडणे यांपैकी काहीही झाले, तर नोंद करीत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे.