झाडं मोजा, पण गवत खोडू नका

माझे वडील आरेतल्या तबेल्यातल्या म्हशींसाठी पॅरा गवत कापून आणायचे. आज गवतात विखुरलेली झाडं असलेल्या तशा तुकड्यांना कुणी ‘जंगल’ म्हणतं, कुणी ‘पडीक’. मला दोन्ही ऐकवत नाही. अशी जमीन दप्तरात कशी नोंदवायची, ते माझ्या पद्धतीने सांगते.

100 बाय 100 मीटरचा, म्हणजे एक हेक्टरचा तुकडा टेपने आखा. प्रत्येक झाडाच्या फांद्यांचा पसारा उभा-आडवा मोजून सरासरी काढा. 8 मीटर रुंद पसाऱ्याखाली सुमारे 50 चौरस मीटर जागा येते. अशी 20 झाडं झाली की हेक्टरचे 10 टक्के भरले. एकमेकांत शिरलेल्या फांद्या दोनदा धरू नका.

सगळं अडतं ते या 10 टक्क्यांवर. भारतीय वन सर्वेक्षणाच्या हिशेबात एक हेक्टर किंवा मोठ्या जागेवर एवढी छाया असली की ते वनाच्छादन, मग मालकी आणि वापर काहीही असो. 10 ते 40 टक्के म्हणजे विरळ वन. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना मात्र जमिनीचा मुख्य वापर शेतीचा असेल, तर तिला वन म्हणत नाही. म्हणून छाया आणि वापर यांचे रकाने वेगळेच ठेवा.

छाया मोजायची ती दिवाळीच्या आसपास. फेब्रुवारी-मार्चात काटेसावर, पांगारा उघडेबोडके असतात. मी एकदा तेव्हा 4 टक्के लिहून बसले. पावसाळ्यानंतर त्याच तुकड्यात 11 भरले.

वापर कळण्यासाठी खाली बसा, गवताचे बुंधे बोटांनी चाचपा. विळ्याने कापलेलं असेल तर काप स्वच्छ, तिरका आणि सगळीकडे एकाच उंचीवर लागतो. गुरांनी ओढलेलं वरखाली, तुटक असतं. शेजारी शेण आणि खुरांच्या वाटा दिसतात. शेळ्या येत असतील तर खालच्या फांद्यांचा पाला एका रेषेत खाल्लेला असतो.

कोकणातल्या महसुली दप्तरात उतारावरच्या अशा, गवत आणि राब (भाताच्या रोपांच्या वाफ्यावर जाळायचा पालापाचोळा) मिळणाऱ्या जमिनीला ‘वरकस’ हा चांगला जुना शब्द आहे. पण त्यात झाडं किती, ते कळत नाही. माझ्या वहीत त्या तुकड्याची नोंद अशी आहे: ‘छाया 11 टक्के, काटेसावर आणि पळस. खाली सलग गवत. एकदा कापणी, नंतर म्हशी चरतात.’