ठाण्यात कुत्रा आणलात? आधी तळ्याचं पाणी ओळखा

गावाकडून बदली होऊन आलेली मंडळी पहिल्याच रविवारी कुत्र्याला उपवन नाहीतर मासुंदा तलावाच्या काठी नेतात. ‘आमचा ओढ्यातच वाढलाय,’ हे ठरलेलं उत्तर. अहो, ओढा वाहता असतो! साचलेल्या पाण्यात सांडपाणी, निर्माल्य मिसळलं की नत्र-स्फुरद, म्हणजे शेवाळाचं खत, वाढतं, वरून मार्च ते मेचं ऊन. निळं-हिरवं शेवाळ माजायला एवढं पुरतं, आणि ते कुत्र्याला विषारी ठरू शकतं. ऑक्टोबरच्या उकाड्यातही तेच. नवी मुंबईच्या धारण तलावांवरही (भरती-पावसाचं पाणी साठवणारी तळी) हेच लक्षात ठेवा.

काडी बुडवून बघा. केसांसारखे धागे लोंबले तर बहुधा साधं शेवाळ. काडी हिरव्या ऑइलपेंटमध्ये बुडवल्यासारखी माखली तर मागे फिरा. शंका असली तरी फिराच, कारण विष आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. वारा या शेवाळाचा तवंग एका काठाला लोटतो. मधलं पाणी निवळ दिसतं आणि कुत्रा पितो ते काठाचंच. शेवाळ मारायला मोरचूद टाकलं की रंग जातो, पण पेशी फुटून विष पाण्यात उतरतं. उकळूनही ते जात नाही. खाडीतले छोटे रोहित (फ्लेमिंगो) निळं-हिरवं शेवाळ खाऊन जगतात, म्हणून ते कुत्र्याला चालेल असं समजू नका.

कुत्रा पाण्यात उतरलाच, तर पुसून रिक्षात बसवू नका. आधी धुवा, मग निघा. घोडबंदर रोडच्या गर्दीत अर्धा तास तो अंग चाटत बसतो आणि केसांतला सगळा तवंग पोटात जातो. फिरायला जाताना दोन लिटरच्या दोन बाटल्या नळाचं पाणी आणि हातमोजे न्या. पट्टा आखूड धरा म्हणजे तोंड अंगाकडे वळणार नाही. मानेपासून खाली पाणी ओता, शेपूट पिळा, बोटांच्या बेचक्या उघडून धुवा.

लाळ गळणं, झोकांड्या, झटके काही मिनिटांतही सुरू होतात. ते मज्जातंतूंवरचं विष. यकृतावरचं सावकाश चढतं: उलट्या, मलूलपणा, मग हिरड्या फिक्या किंवा पिवळ्या. उतारा नाही, फक्त वेळेवरचे उपचार. लक्षणांची वाट पाहू नका. मीठ पाजून उलटी काढू नका. परळचं जनावरांचं इस्पितळ सगळ्यांना ठाऊक असतं, पण ठाण्याहून तिथवर पोचायला वेळ जातो. घराजवळ रात्री उघडा असणारा दवाखाना सामान लावायच्या आधी शोधा. निघताना तवंगाचा फोटो काढा, डॉक्टरांना तो लागतो.