एमएसडीपी पीअर ‘लिसन’वरच अडकला होता, तो असा सुटला

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्याचे कॅमेरे होटगी रोडच्या ऑफिसात मल्टिकास्टने (एकच प्रवाह एकाच वेळी अनेकांना) दाखवायचे होते. दोन्हीकडे एकेक लेअर-३ (राउटिंग करणारा) स्विच, प्रत्येकावर स्वतःचा आरपी (रॉन्देव्हू पॉइंट, मल्टिकास्टचे स्रोत आणि प्रेक्षक जुळवणारा), मध्ये आरपींना एकमेकांचे स्रोत कळवणारा एमएसडीपी. एका बाजूला पीअर (एमएसडीपीने जोडायचा समोरचा स्विच) ‘लिसन’, दुसरीकडे ‘कनेक्ट’. लूपबॅकना (स्विचवरच्या आभासी इंटरफेसना) पिंग मात्र बिनतक्रार. पिंगवर विसंबू नये. एमएसडीपी टीसीपी पोर्ट ६३९ वर चालतो, आणि पिंग गेला म्हणजे ते पोर्ट उघडं आहे असं नाही.

यात ज्याचा आयपी लहान, तोच जोडणी सुरू करतो. मोठा नुसता ऐकत बसतो. म्हणून ‘लिसन’ दाखवणारा स्विच बहुधा निर्दोष असतो, तपास लहान आयपीकडून सुरू करावा. इथे १०.२५५.०.१ वर ‘कनेक्ट-सोर्स’ची (जोडणी कुठल्या आयपीवरून करायची ते सांगणारी) ओळच नव्हती. सिन (जोडणी मागणारं पहिलं) पॅकेट लूपबॅकऐवजी अपलिंकच्या (बाहेर जाणाऱ्या पोर्टच्या) आयपीवरून निघायचं आणि समोरचा स्विच अनोळखी पीअर म्हणून नाकारायचा. सोर्स लूपबॅक ० दिला, तरी अडलंच: फायरवॉलमध्ये ६३९ ची परवानगी उलट्या दिशेने, १०.२५५.०.२ कडून होती. ती फिरवल्यावर पुढच्या रीट्रायला पीअर ‘अप’.

चित्र तरीही नाही, एसए (सोर्स-अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे ‘इथे स्रोत चालू आहे’ हा एमएसडीपीचा निरोप) कॅशे रिकामी. (पीअर वर आला की काम झालं, असं समजून लोक इथेच फसतात.) स्रोत आरपीकडे नोंदला गेल्याशिवाय एसए निघतच नाही. कॅमेऱ्यांत मल्टिकास्ट टीटीएल (दर राउटरला एकाने घटणारा, पॅकेटचं आयुष्य ठरवणारा आकडा) १ होता, त्यामुळे पॅकेट पहिल्याच स्विचवर संपायचं. तो १६ केला. कॅमेऱ्यांच्या व्हीएलॅनवर (वेगळ्या आभासी नेटवर्कवर) पिम स्पार्स मोड (मागणी असेल तिथेच मल्टिकास्ट पाठवणारी राउटिंग पद्धत) आहे ना, तेही तिथेच बघून घ्यावं.